बारशाचें नांव आणि बाप्तिस्म्याचें नांव

मूल जन्मलें कीं त्याचें नांव काय ठेवावें ह्या प्रश्नावरून घरांत दोन पक्ष पडावयाचेच, आणि ही गोष्ट आजकालची नव्हे. संत लूकानें आपल्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायांत जखऱ्याच्या घरचा असाच एक प्रसंग वर्णिला आहे. आठव्या दिवशीं सोयरेधायरे व शेजारी जमले. मुलास बापाचेंच नांव द्यावयाचें असें त्यांनीं परस्पर ठरवूनही टाकलें होतें. आईनें 'योहान' हें नांव उच्चारतांच, तुमच्या कुळांत हें नांव कोणाचें आहे, असा आक्षेप निघाला. शेवटीं मुका झालेल्या बापानें पाटी मागवून तिच्यावर नांव लिहून दिलें, तेव्हां कोठें वाद मिटला. ज्या नांवास नातलगांनीं 'आपल्यांतलें नव्हे' म्हणून नाकारलें, तेंच नांव पुढें जॉन, ज्यां, जुवांव, इव्हान, योहन्नान अशा रूपांनीं देशोदेशीं जाऊन बसलें, ही मोठी मौजेची गोष्ट आहे.

आपल्या धर्मग्रामाच्या ह्या महोत्सवी स्मरणिकेंत देवळाच्या बांधणीचा, शाळांचा व धर्मगुरूंच्या श्रमांचा इतिहास इतरत्र येईलच. प्रस्तुत लेखकानें त्याहून लहान विषय निवडला आहे. मराठी कॅथॉलिक घरांत मुलांचीं नांवें कशीं ठेवण्यांत आलीं, कोणाच्या आज्ञेनें ठेवण्यांत आलीं, आणि जें नांव देवळांत शोभेल, शेजाऱ्यांच्या तोंडीं बसेल व परमुलुखांतही अडणार नाहीं असें नांव शोधण्याची खटपट आपल्या पूर्वजांनीं कशी केली, त्याचा हा थोडासा वृत्तांत आहे. विषय लहान खरा. परंतु 'तुमचें नांव असें, मग तुम्ही मराठी कसे?' ह्या प्रश्नास ज्याला जन्मभर उत्तर देत बसावें लागतें, त्यास तो लहान वाटत नाहीं.

शिवाय नागपूर हें चवाठ्यावरचें शहर. मुंबईकडून येणारी आगगाडी येथें १८६७ सालीं पोंचली. बंगाल-नागपूर रेल्वेची कंपनी १८८७ सालीं स्थापन झाली. आणि त्याच १८८७ सालच्या जुलै महिन्याच्या ११ तारखेस नागपूरच्या स्वतंत्र धर्मप्रांताची स्थापना झाली. गाड्यांबरोबर गोवेकर आले, तामीळ आले, केरळीय आले, छोटा नागपूरकडील बंधु आले. आज सदर भागांतील संत फ्रान्सिस द सेल्स ह्यांच्या महामंदिरांत एका बाकावर बसलेल्या चार माणसांच्या चार मायबोल्या निघाल्या तर त्यांत नवल नाहीं. एकाच घरांत आई एका भाषेची व बाप दुसऱ्या भाषेचा, असेंही आतां वारंवार दिसतें. मग बाळाचें नांव दोन्ही आज्यांस नीट उच्चारतां आलें पाहिजे, ही अट आपोआपच येते.

प्रथम आपल्या देशाची रीत पाहूं. बाराव्या दिवशीं बारसें, बाळास पाळण्याच्या वरून व खालून देणें-घेणें, आत्यानें त्याच्या कानाशीं 'कुर्र' करून नांव सांगणें व त्याबद्दल बायकांचे धपाटे पाठीवर खाणें, हा सोहळा कोणास वर्णून सांगावयास नको. त्यांतील एक बारकावा मात्र आपल्या कामाचा आहे. हिंदु घरांत नक्षत्रावरून काढलेलें जन्मनांव वेगळें व हांक मारावयाचें नांव वेगळें, अशी चाल पूर्वीपासून आहे. मुलगी सासरीं गेली म्हणजे तिचें नांव बदलण्याचीही रीत होती, व कांहीं घरांत ती अजून आहे. तेव्हां एका माणसास दोन नांवें असणें, आणि आयुष्यांतील मोठ्या वळणावर नवें नांव मिळणें, ह्यांत मराठी माणसास परकें असें कांहींच नाहीं. बाप्तिस्म्याच्या वेळीं मिळणारें नांव आपल्या लोकांच्या अंगवळणीं सहज पडलें, ह्याचें एक कारण हें असावें असें मला वाटतें.

पवित्र शास्त्रांतही नांवें एका भाषेंतून दुसरींत जातांना निरनिराळ्या वाटांनीं गेलीं आहेत. योसेफास फारोनें मिसरी नांव दिलें. दानिएलास व त्याच्या सोबत्यांस बाबेलांत बाबिली नांवें मिळालीं. हदस्सा ही यहुदी मुलगी एस्तेर ह्या नांवानें राणी झाली. येशूनें शिमोनास आपल्या अरामी बोलींत 'केफा' म्हटलें, आणि ग्रीक वाचकांसाठीं त्याचें भाषांतर होऊन तो 'पेत्र' झाला. केफा म्हणजे खडक. आपल्या मुलुखांत मुलें जगत नसलीं म्हणजे पुढच्या मुलास दृष्ट लागूं नये म्हणून धोंडू किंवा दगडू असें नांव ठेवीत. अर्थाच्या काट्यानें तोलल्यास पीटर व धोंडू ह्यांचें वजन सारखेंच भरेल. याफो येथील टबीथा हिला ग्रीक मंडळी दुर्कस म्हणत. दोहोंचा अर्थ हरिणी. थोमासही दिदुम म्हणत. दोहोंचा अर्थ जुळा. म्हणजे नांवाचें भाषांतर करणें हें कांहीं अर्वाचीन खूळ नव्हे. शौलाची गोष्ट मात्र निराळी आहे. बाप्तिस्मा होतांच शौलाचा पौल झाला असें आपण पुष्कळ वेळां ऐकतों. परंतु प्रेषितांच्या कृत्यांत तसें लिहिलेलें नाहीं. बाप्तिस्म्यानंतर कित्येक अध्याय तो शौलच आहे, आणि तेराव्या अध्यायांत, कुप्र बेटावर रोमी सुभेदारासमोर उभा असतांना, त्यास पौल असेंही म्हणत एवढेंच लेखक सांगतो. घरच्यांत यहुदी नांव व बाहेरच्यांत रोमी नांव, अशीं दोन्ही नांवें तो वागवीत होता.

आद्य ख्रिस्ती मंडळीनें नांवांच्या बाबतींत फारसा सोवळेपणा पाळला नाहीं, हें वाचून कित्येकांस आश्चर्य वाटेल. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सोळाव्या अध्यायांत फिबी व हर्मेस हीं जीं नांवें आहेत, तीं ग्रीक दैवतांचीं. मार्टिन हें नांव रोमी युद्धदेव मार्स ह्यावरून निघालें आहे, इसिदोर म्हणजे मिसरी देवी इसिसची देणगी. माणसें संतपदास पोंचलीं आणि त्यांच्याबरोबर तीं नांवेंही पावन झालीं. तिसऱ्या शतकांत आलेक्सांद्रियाचा बिशप दियोनिसियस ह्यानें लिहून ठेवलें आहे कीं, भाविक लोक आपल्या मुलांस पेत्र व पौल अशीं नांवें आवडीनें देऊं लागले आहेत. आणि हें लिहिणाऱ्या बिशपाचें स्वतःचें नांव मद्याच्या देवावरून पडलेलें! चवथ्या शतकाच्या अखेरीस संत योहान ख्रिसोस्तोम ह्यानें एका लोकरीतीवर कोरडे ओढले आहेत. लोक अनेक दिवे लावीत, प्रत्येक दिव्यास एकेक नांव देत, आणि जो दिवा सर्वांत उशिरां विझे त्याचें नांव मुलास ठेवीत. तें मूल दीर्घायु होईल अशी त्यांची समजूत. त्यापेक्षां एखाद्या साधुपुरुषाचें नांव द्या, असें त्याचें सांगणें होतें. पुढें ५३३ सालीं मर्क्युरियस नांवाचा धर्मगुरु पोप निवडला गेला तेव्हां पेत्राच्या आसनावर देवतेचें नांव बरें दिसत नाहीं म्हणून त्यानें योहान हें नांव घेतलें, आणि पोपांनीं नांव बदलण्याची चाल तेव्हांपासून पडली. संताचेंच नांव द्यावें हा दंडक पक्का झाला तो बराच पुढें. ट्रेंटच्या परिषदेनंतर १५६६ सालीं निघालेल्या धर्मशिक्षणग्रंथांत व १६१४ सालच्या रोमी संस्कारविधींत तो स्पष्ट शब्दांनीं आला.

नेमका हाच काळ आपल्या किनाऱ्यावर पोर्तुगीज अंमलाचा होता. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगिजांकडे होती. तेथें व गोव्यांत ज्यांनीं बाप्तिस्मा घेतला त्यांस संताचें नांव मिळालें तें पोर्तुगीज पोषाखांत, आणि बहुधा धर्मपित्याचें किंवा धर्मगुरूचें आडनांवही त्याच्याबरोबर आलें. पण लोकांच्या जिभेपुढें राजाचेंही चालत नाहीं. जुआंवचा जुवांव झाला, जोसेचा जुझे, सेबास्तियांवचा बस्त्यांव, इनासियुचा इनास, आंतोनियुचा आंतोन, कायेतानुचा कायतान. दोन-तीन पिढ्यांत हीं नांवें अशीं घांसून गुळगुळीत झालीं कीं लिस्बनच्या माणसास तीं ओळखूंही आलीं नसतीं. दुमिंग हें नांव घ्या. पोर्तुगीज भाषेंत दुमिंगु म्हणजे रविवार, प्रभूचा वार. आपल्या वऱ्हाड-नागपुराकडे वारावरून नांव ठेवण्याची चाल होतीच; सोमाजी, बुधाजी, इतवारी हीं नांवें जुन्या पिढींत पुष्कळ आढळतात, व इतवारी हें तर आपल्या शहरांतील पेठेचेंच नांव. तेव्हां वसईचा दुमिंग व नागपूरचा इतवारी हे नांवानें सख्खे भाऊ. आडनांवांचीही तीच कथा. सिल्व्हा म्हणजे रान, परेरा म्हणजे नाशपातीचें झाड; पिंपळे व चिंचोळकर ह्यांच्या पंगतीस बसावयास त्यांस कोणती अडचण आहे? संत फ्रान्सिस झेवियर १५४२ सालीं गोव्यास आला. त्याचें झेवियर हें नांव बास्क भाषेंतील 'नवें घर' ह्या अर्थाच्या गांवनांवावरून आलें आहे. वसईजवळ नवघर ह्या नांवाचें गांव आहे हें वाचकांस ठाऊकच असेल.

ह्याच किनाऱ्यावर पाद्री तोमास इस्तेव्हांव, म्हणजे इंग्रज जातीचा थॉमस स्टीफन्स, ह्यानें १५७९ पासून चाळीस वर्षें घालविलीं व ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' रचिलें. तें १६१६ सालीं राचोल येथें छापलें गेलें. परक्या नांवांस मराठी प्रत्यय लावून, ओवीच्या चालीवर तीं बसवून, त्यानें जें करून दाखविलें तें कोणत्याही धर्मसभेच्या ठरावानें झालें नसतें. नांव परकें कीं आपलें हें त्याच्या मुळावरून ठरत नसून तें वाक्यांत कसें चालतें ह्यावरून ठरतें, असें माझें मत आहे. वसईकडील फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांचें आडनांव पोर्तुगीज. परंतु तें 'दिब्रिटो' असें एकजीव होऊन मराठींत आलें, आणि २०२० सालच्या जानेवारींत उस्मानाबाद (आतांचें धाराशिव) येथील ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदीं तें छापलें गेलें. ते २०२४ सालीं निवर्तले. त्यांस मराठी म्हणावें कीं नाहीं हा प्रश्न त्यांच्या वाचकांस कधीं पडला नाहीं.

दक्षिणेंत मात्र ह्या प्रश्नावर खरोखरीचें रण माजलें. मदुरेंत रॉबर्ट द नोबिली (१५७७–१६५६) ह्या येशूसंघीय धर्मगुरूनें तत्त्वबोधकर हें नांव घेऊन तेथल्या लोकांची राहणी पतकरली. तिकडील ख्रिस्ती मंडळीनें संतांचीं नांवें तामिळींत उतरवून घेतलीं. पेत्र तो रायप्पन, पौल तो चिन्नप्पन, योहान तो अरुळप्पन. ह्या व इतर चालींविरुद्ध तक्रारी गेल्या, आणि पोपांचा प्रतिनिधि कार्डिनल तूर्नों ह्यानें पुदुच्चेरी येथें १७०४ सालीं जो हुकूम काढला, त्यांत बाप्तिस्म्याचें नांव रोमी संतनामावलींतीलच असावें व देवदेवतांचें नसावें, असें एक कलम होतें. पोप चौदावा बेनेदिक्त ह्यानें १७४४ सालीं तें कायम केलें. आणि लगेच पुढच्याच वर्षीं, १७४५ सालीं, त्रावणकोरच्या राजसेवेंतील नीलकंठ पिळ्ळै ह्या नायर गृहस्थानें बाप्तिस्मा घेतला. त्यास नांव मिळालें लाजारसचें. पण तें इब्री रूपांत नव्हे, तर अर्थानें. लाजारस म्हणजे ज्यास देवाचें साह्य झालें तो, म्हणून देवसहायम. हुकमाचीही पायमल्ली नाहीं व भाषेचीही नाहीं. त्यास १७५२ सालच्या जानेवारींत गोळ्या घालून मारण्यांत आलें, आणि २०२२ सालच्या मे महिन्याच्या १५ तारखेस रोम येथें त्याची संतपदावर प्रतिष्ठा झाली. त्या वेळीं त्याच्या नांवांतून 'पिळ्ळै' हें जातिवाचक बिरुद गाळण्यांत आलें होतें. अशा रीतीनें एक अस्सल देशी नांव आतां स्वतःच संतनामावलींत गेलें आहे. ज्यास आपल्या मुलाचें नांव देवसहाय ठेवावयाचें असेल त्यास १७०४ चा तो हुकूमसुद्धां आज आडवा येणार नाहीं.

आतां आपल्या नागपुराकडे वळूं. ह्या प्रांतांत कॅथॉलिक धर्मगुरु आले ते गोव्यामार्गें नव्हेत. संत फ्रान्सिस द सेल्स ह्यांच्या नांवाचा जो धर्मसंघ फ्रान्सच्या सीमेवरील सव्हॉय प्रांतांत निघाला, त्याचे लोक १८४६ सालीं विशाखापट्टणास उतरले, व तेथून ते मध्यप्रांतांत पसरले. कामठीची छावणी १८२१ सालची. तेथें गोऱ्या पलटणींत आयरिश कॅथॉलिक शिपाई असत, तेव्हां धर्मगुरूंचें पहिलें काम त्यांच्यांतच. म्हणून येथील मराठी ख्रिस्ती मनुष्याच्या कानांवर संतांचीं नांवें आलीं तीं तीन स्वरांत: फ्रेंच धर्मगुरूच्या तोंडून, इंग्रजी बोलणाऱ्या शिपायाच्या तोंडून, आणि संस्काराच्या वेळीं लॅटिनांतून, कारण त्या काळीं संस्कार लॅटिनांतच होत असे. एका उदाहरणानें ही गंमत स्पष्ट होईल. १९०४ ते १९०७ पर्यंत आपल्या धर्मप्रांताचे बिशप एतिएन बोनाव्हांतूर हे होते. एतिएन, स्टीफन, लॅटिनांतला स्तेफानुस, गोव्याचा इस्तेव्हांव व आपल्या मराठी बायबलांतला स्तेफन हीं सर्व एकच. मूळ ग्रीक अर्थ मुकुट. क्रिस्तपुराणकार व आपले बिशप हे एकाच नांवाचे पुरुष होते, पण दोघे समोरासमोर आले असते तर त्यांस तें कळावयास क्षणभर लागलें असतें. १९५१ सालीं पहिले भारतीय बिशप युजीन डिसोझा हे आले. युजीन म्हणजे चांगल्या कुळांत जन्मलेला, मराठींत सुजात.

परंतु नागपूरच्या धर्मप्रांताच्या इतिहासांत नांवाच्या ह्या प्रश्नाचा ज्या पुरुषाशीं सर्वांत जवळचा संबंध आला तो मराठी नव्हता, बंगाली होता. भवानीचरण वंद्योपाध्याय (१८६१–१९०७) हे १८९१ सालीं सिंधमध्यें कॅथॉलिक झाले. थिऑफिलस ह्या ग्रीक नांवाचा अर्थ देवाचा मित्र. तेंच नांव संस्कृतांत आणून त्यांनीं स्वतःस ब्रह्मबांधव म्हणवून घेण्यास १८९४ सालीं आरंभ केला व भगवीं वस्त्रें धारण केलीं. आडनांवाचीही त्यांनीं फोड केली. वंद्योपाध्याय ह्यांतील 'वंद्य' म्हणजे स्तुतीस पात्र. आपण तुच्छ लेखल्या गेलेल्या प्रभूचे शिष्य, तेव्हां तो शब्द आपणांस शोभत नाहीं, म्हणून तो टाकून त्यांनीं नुसतें 'उपाध्याय' ठेविलें. त्यांचा सिंधी शिष्य रेवाचंद हाही अणिमानंद झाला. १८९९ सालीं ह्या मंडळीनें जबलपूर येथें नर्मदेच्या कांठीं 'कास्थलिक मठ' उघडला. जबलपूर त्या वेळीं नागपूरच्या धर्मप्रांतांत होतें, आणि आपले बिशप शार्ल फेलिक्स पेल्व्हा ह्यांनीं ह्या प्रयत्नास संमति दिली होती. सव्हॉयच्या डोंगराळ मुलुखांतून आलेल्या एका फ्रेंच महागुरूनें भगव्या वस्त्रांतील बंगाली संन्याशाच्या पाठीवर हात ठेवावा, ही गोष्ट आपल्या धर्मप्रांतास भूषणावह आहे. तिची आठवण आपल्याकडे फारशी कोणी काढीत नाहीं. पोपांचे प्रतिनिधि झालेस्की ह्यांस मात्र ती योजना मान्य झाली नाहीं. त्यांनीं मनाई केली, मठ मोडला, आणि पुढच्याच १९०० सालीं पेल्व्हा निवर्तले. ब्रह्मबांधव कलकत्त्यास परतून राजकारणांत पडले व राजद्रोहाच्या खटल्यांत असतांनाच वारले. मठ गेला, नांव राहिलें.

जवळजवळ त्याच सुमारास नागपुरांतच दुसरा एक प्रकार घडत होता. नारायण वामन टिळक हे कांहीं काळ येथील आप्पासाहेब बुटी ह्यांच्या पदरीं संस्कृत ग्रंथांच्या कामावर होते. येथून राजनांदगांवास जातांना आगगाडींत एका गोऱ्या सहप्रवाशाशीं त्यांचें जें बोलणें झालें, त्याचा शेवट १८९५ सालच्या फेब्रुवारींत मुंबईस त्यांच्या बाप्तिस्म्यांत झाला. ते प्रोटेस्टंट मंडळीचे. तरी मराठी ख्रिस्ती मनुष्यास त्यांचा अभिमान आहेच. त्यांनीं आपलें नांव मुळींच बदललें नाहीं. नारायण हें नांव घेऊनच त्यांनीं ख्रिस्ताचीं गीतें रचिलीं. लक्ष्मीबाई लक्ष्मीबाईच राहिल्या, व 'स्मृतिचित्रें' वाचणाऱ्यांस परिचित असलेला दत्तू पुढें देवदत्त नारायण टिळक ह्या नांवानें प्रसिद्ध झाला. देवदत्त म्हणजे देवानें दिलेला. ग्रीकांत ह्याच अर्थाचें नांव थिओडोर. पंडिता रमाबाईंनीं १८८३ सालीं विलायतेंत बाप्तिस्मा घेतला. जगास त्या रमाबाई म्हणूनच ठाऊक राहिल्या.

कॅथॉलिक घरांत असें सरळ करतां येत नसे, पण वाट अगदींच बंद होती असेंही नाहीं. १९१७ च्या धर्मसभेच्या कायद्यांतील ७६१ व्या कलमानें धर्मगुरूस सांगितलें होतें कीं, ख्रिस्ती नांव ठेवण्याविषयीं दक्षता घ्या. आईबाप ऐकतच नसतील तर त्यांनीं ठरविलेल्या नांवास एखाद्या संताचें नांव जोडा, आणि दोन्ही नांवें वहींत लिहा. ह्या 'दोन्ही नांवें लिहा' ह्या तीन शब्दांत किती तरी घरांचा इतिहास सांठविला आहे. एका नांवानें वहींत नोंद, दुसऱ्या नांवानें हांक. मराठी ख्रिस्ती घराण्यांत शांतवन, देवदान, प्रभुदास, येशुदास अशीं घडीव नांवें आलीं, आणि विजय, आनंद, शांति, ज्योति अशीं सर्वांचीं नांवेंही आलीं. ज्यास विजय म्हणावयाचें त्यानें व्हिक्टर ह्या संताचा सण पाळावा, आनंदानें फेलिक्सचा, शांतीनें आयरीनचा, ज्योतीनें लुसीचा. १९६३ सालीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें उपासनेची दारें देशी भाषांस उघडलीं. १९७२ सालच्या प्रौढांच्या दीक्षाविधीनें उमेदवारास त्याचें पूर्वीचें नांव ठेवण्याची मोकळीक दिली. आणि १९८३ च्या नव्या कायद्याच्या ८५५ व्या कलमांत आतां एवढेंच आहे कीं, ख्रिस्ती भावनेस विसंगत असें नांव दिलें जाऊं नये. आज्ञेची जागा विवेकानें घेतली. त्यामुळें काम सोपें झालें असें मात्र नाहीं. पूर्वीं नांवाचा दोष धर्मगुरूवर ढकलतां येत असे, आतां तो आईबापांवर येतो.

ह्या बाबतींत आपल्याच शहरांतील दुसऱ्या एका समाजाकडे पाहण्यासारखें आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनीं नागपुरांत लाखों अनुयायांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली, आणि त्यानंतरच्या पिढींत सिद्धार्थ, राहुल, सुजाता, यशोधरा ह्या नांवांनीं घरें भरून गेलीं. त्यांतलेंच एक मिलिंद. हें नांव आज इतकें मराठी आहे कीं त्याच्या कुळाची चौकशी कोणी करीत नाहीं. परंतु मिलिंद म्हणजे वायव्य हिंदुस्थानांत ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकांत राज्य करणारा ग्रीक राजा मेनांद्र. पाली ग्रंथांत त्याचा मिलिंद झाला. पीटर ग्रीक म्हणून परका ठरतो आणि मिलिंद ग्रीक असून घरचा ठरतो. हा काळाचा व उच्चाराचा खेळ आहे, मुळाचा नव्हे.

कांहीं नांवें तर दोन्ही काठांवर आपोआपच उभीं राहतात. शीला हें नांव घ्या. संस्कृतांत तें शीलावरून. आणि आयर्लंडांत शीला म्हणजे संत सिसिलियेच्याच नांवाचें तेथील रूप. लॅटिनांत सिसिलियेच्या नांवाचें मूळ 'आंधळा' ह्या अर्थाच्या शब्दाकडे जातें. मराठींत येतांना तिची दृष्टि परत आली म्हणावयाची. बावीस नोव्हेंबरला सिसिलियेचा सण करणाऱ्या शीलेस आपल्या नांवाबद्दल कोणाचीही क्षमा मागावी लागत नाहीं. अनिता हें स्पेन-पोर्तुगालांत आन्नेचें लाडकें रूप. आपल्याकडे तें संस्कृत वाटतें. तारा हाच अर्थ लॅटिन स्टेला हिचा. अ‍ॅग्नेस हिची गोष्ट तर फारच गोड आहे. ग्रीकांत त्याचा अर्थ शुद्ध, पवित्र. रोमी लोकांस ग्रीक कळेना, त्यांस त्यांत आपला 'आग्नुस' म्हणजे कोंकरूं हा शब्द ऐकूं आला, आणि तेव्हांपासून चित्रांत संत अ‍ॅग्नेसच्या हातीं कोंकरूं आहे. आपल्याकडील म्हातारीस त्यांत अग्नि ऐकूं येतो. नांव ज्या मुलुखांत जातें तेथील अर्थ अंगावर घेतें, त्यास कोण काय करणार! जोडीदार नांव शोधणाऱ्यांनीं मात्र एक पथ्य पाळावें. मराठी नांवास विभक्ति लागते, पुढें राव-बाई लागते, आणि रस्त्याच्या पलीकडून हांकही मारावी लागते. कागदावर सुंदर दिसणारें पण चौघांनीं चार तऱ्हांनीं उच्चारलेलें नांव बाळास जन्मभर दुरुस्त करीत बसावें लागतें.

कागदाची गोष्ट निघालीच आहे म्हणून थोडें व्यवहाराचें. देवळाच्या वहींत एक, जन्माच्या दाखल्यावर दुसरें व शाळेंत तिसरें असा घोटाळा जुन्या पिढींत पुष्कळ झाला, व त्याचें दुःख पुढें कळलें. कारण विवाहाच्या वेळीं बाप्तिस्म्याचा दाखला मागितला जातो, आणि विवाहाची नोंदही बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारींच करावयाची असते. १९६९ च्या जन्ममृत्यु नोंदणी कायद्याप्रमाणें जन्माची नोंद करतांना नांव ठरलें नसेल तर तें बारा महिन्यांच्या आंत फी न देतां, व पुढें पंधरा वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून लिहवितां येतें. १ ऑक्टोबर २०२३ रोजीं व त्यानंतर जन्मलेल्यांस शाळाप्रवेश, पासपोर्ट वगैरे कामीं जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्माचा दाखलाच लागतो. तेव्हां जीं दोन नांवें ठेवावयाचीं तीं दोन्ही, त्याच क्रमानें व त्याच अक्षरांत, दोन्हीकडे लिहविणें बरें.

महाराष्ट्र सरकारनें १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांसाठीं आणखी एक नियम केला आहे. सरकारी कागदांवर प्रथम बाळाचें नांव, मग आईचें, मग वडिलांचें, आणि शेवटीं आडनांव. केरळांतून नागपुरांत सून म्हणून आलेल्या एखाद्या अन्नम्मेची मुलगी आतां कचेरीच्या वहींत 'ज्योति अन्नम्मा जोसेफ साळवे' अशी उतरेल. संस्कृत, इब्री-मल्याळी, इब्री-इंग्रजी आणि मराठी, अशा चार घरांचीं हीं चार नांवें एका ओळींत बसतात. बाप्तिस्म्याच्या वहींत धर्मगुरु त्यांच्या मागें 'लुसी' हें पांचवें नांव लिहितील, आणि बारशाच्या दिवशीं आत्या त्यांतलें कोणतें कानांत सांगते, तें तिचें तिलाच ठाऊक.